तीस गुणसूत्रांचा तेरडा

(परळच्या एका कॉलेजची मागची बाग, ऑक्टोबरमधली दुपार. मीराबाई तीस वर्षं ही बाग राखतात. जोॲना इथेच पीएच.डी. करते, बंगळूरच्या लॅबमधून तीन आठवड्यांनी आज परतली आहे.)

जोॲना : तू उपटलंस? स्वतःच्या हाताने?

मीराबाई : मग काय, हेड सर वाकणार होते?

जोॲना : मावशी, मी सांगून गेले होते. बाकी सगळं मेलं तरी चालेल, कोपऱ्यातला तो तेरडा सांभाळ.

मीराबाई : सांभाळला ना. गोगलगायी वेचल्या, वाकला तर काठी लावली. मग परवा सर आले. बोलले, कमिटी येणार, इथे पेव्हर ब्लॉक बसवायचेत. पाटीवाली झाडं कुंडीत घ्या, बाकी रान काढा.

जोॲना : मग हा पण कुंडीत घ्यायचास.

मीराबाई : घेतच होती. सर बोलले, याची पाटी कुठाय? मी बोलली, जोॲनाचं झाड आहे. बोलले, नाव काय त्याचं? आता काय सांगू? तुला किती वेळा सांगितलं, पाटी लाव. तू काय बोललीस?

जोॲना : नाव अजून ठरलं नाही, म्हणून.

मीराबाई : हां. बिननावाचं म्हणजे रान. उभे राहिले डोक्यावर, उपटून घेतलं माझ्याकडून.

जोॲना : फोन करायचास.

मीराबाई : अकरा वेळा केला. काढ मोबाइल, बघ.

जोॲना : मला वाटलं, तुझ्या पेन्शनच्या फॉर्मचं असेल. आल्यावर भरू.

मीराबाई : चार वर्षांत एक फॉर्म भरायला सांगितला तुला. एक.

जोॲना : तुला माहितीये काय होतं ते? आपला गावठी तेरडा आणि घाटावरून आणलेला, त्यांचा संकर. एकाकडून सात गुणसूत्रं, दुसऱ्याकडून आठ. जोड्याच लागत नाहीत. म्हणून दर वर्षी असं एखादं रोप यायचं, फुलायचं आणि बी न धरता मरायचं. यंदा एकाच रोपात पेशी विभागताना काहीतरी चुकलं आणि सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली. इथून नेलेल्या कळ्यांतून काल लॅबमध्ये मोजली मी. तीस. प्रत्येकाला जोडी, म्हणून बोंडं धरली. आता आईबापांशी त्याचं जुळणार नाही. नवीन जात, मावशी, एका फटक्यात. गहू असाच झाला. कापूस असाच झाला.

मीराबाई : कापूस?

जोॲना : लांब धाग्याचा, गिरणीत यायचा तो. दोन कापसांचा संकर, मग दुप्पट. लाखो वर्षांपूर्वी.

मीराबाई : माझा सासरा, गुणाजी, बत्तीस वर्षं त्या कापसात खोकला. आम्हाला हे कोण सांगतं? आणि बोंडं धरलीत, हे तुला कोणी दाखवलं?

जोॲना : तू.

मीराबाई : आणि ते काय आहे, हे मला आज सांगतेस. उपटल्यावर. सरांसमोर तोंड उघडायला मला एवढंच पाहिजे होतं. पाणी घालणारी बाई, हिला काय समजणार, असंच ना?

जोॲना : तसं नाही.

मीराबाई : तसंच.

जोॲना : हो. तसंच.

मीराबाई : बरं झालं, बोललीस.

जोॲना : रोप कुठे टाकलंस?

मीराबाई : कचऱ्याच्या गाडीत गेलं. पण बोंडं पिकली होती. हात लागला की फुटतात ती. उपटताना सगळी फुटली, बी या वाफ्यात उडालं.

जोॲना : इथे? हे ब्लॉक टाकतायत तिथे?

मीराबाई : निम्म्यापर्यंत आलेत. मिस्त्री आता जेवायला गेलाय.

जोॲना : एवढंसं बी मातीत शोधणार कसं?

मीराबाई : शोधायचं नाय. वरची चार बोटं माती उचलायची, सगळीच्या सगळी. गोण्या आणून ठेवल्यात मी सकाळी.

जोॲना : सर विचारतील.

मीराबाई : विचारू देत. आता मला सांगता येतं.

जोॲना : मावशी, सॉरी.

मीराबाई : ते नंतर. माझा राग गेलेला नाय अजून. गोणीचं तोंड धर.