हात आखडला

मंडळी, आज कीर्तनात देवाला क्षणभर बाजूला बसवतो आणि तुम्हालाच विचारतो. लाज कुणाची असते? जिची जाते तिची, की जो बघतो त्याची?

आपल्याकडं शब्दांची काही कमी नाही हो! जावई तिसरी पोळी नको म्हणतो – तो संकोच. साहेबाच्या घरी आपण खुर्चीच्या कडेवर टेकतो – ती भीड. चोरून लाडू खाताना बायकोनं पकडलं, की माणूस ओशाळतो. इथवर गोड आहे. पण यातला कोणता शब्द कुणाच्या पदरात टाकायचा, हे ठरवतं कोण? ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, तुमच्यात तिथले पाहुणे बसलेले असायचे! त्या गावात हौसा कासारीण तीस वर्षं बांगड्या भरायला यायची. विधवा बाई, पाठीमागं कुणी नाही. कासारणीचं पोट बायकांच्या मनगटावर. बाईनं हात पुढं केला तर हिची चूल पेटायची. आणि हात असा मऊ, की नव्या नवरीला बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. तोंडानं गात असायची ना!

चैताचे दिवस. भर दुपारी हौसा डोक्यावर पाटी घेऊन मळ्याच्या वाटेनं निघालेली. तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. मानाजी नावाचा तरणाताठा शेतकरी मोटारीचा पाइप बघायला उतरला होता, शेवाळावरून पाय घसरला आणि गेला पाण्यात. पोहता येईना. कपारीला बोटं अडकवून लोंबकळत होता बिचारा.

हौसानं हाक मारली. बाभळीखाली चौघे जण पत्ते कुटत होते, ते धावत आले. आले, आणि काठावर उभे राहून खाली बघायला लागले. एक म्हणाला, दोर आणा. दुसरा म्हणाला, दोर गावात. अहो, मोट होती तेव्हा विहिरीवर नाडा होता. मोटार आल्यावर दोर कोण ठेवतो? तिसरा म्हणाला, कुणीतरी उडी मारा. हा ‘कुणीतरी’ प्रत्येक गावात असतो बघा, वेळेला फक्त सापडत नाही!

खाली मानाजीचं एक बोट सुटलं.

हौसानं पाटी खाली ठेवली. बांगड्या बांधायचं फडकं सोडून कमरेला गुंडाळलं. आणि अंगावरचं नऊवारी लुगडं फेडलं. एक टोक मोटारीच्या लोखंडी खांबाला बांधलं, दुसरं विहिरीत सोडलं.

आणि मंडळी, ते चौघे! चौघेही सज्जन, संस्कारी घरचे. चौघांनी पाठ फिरवली!

मानाजीनं लुगडं धरलं. हौसा एकटी ओढत होती, तळहात सोलून निघत होते. तिनं हाक दिली, “दादांनो, लाजा मागनं. आधी हात लावा.”

त्यातला एक पाठमोराच म्हणाला, “बाई, आधी अंगावर घे.”

हौसा म्हणाली, “अंगावरचं विहिरीत हाय.”

नाही वळले. मानाजी पायानं कपारी चाचपत, तिच्या जोरावर कसाबसा वर आला. वर आला, तिला बघितलं आणि डोळे मिटून तोही पाठ करून उभा राहिला. पाच पुरुष एका बाईकडं पाठ करून! तिनं ओलं लुगडं नेसलं, पाटी उचलली, चालू लागली.

तीच पुढं जातं ओढताना गुणगुणायची म्हणे –

अंगीचं लुगडं माझ्या, विहिरीत सोडियेलं
परक्या घरचं कुंकू, वर ओढून काढियेलं

दिवस मावळायच्या आत गावानं शब्द वाटून टाकले. चौघे म्हणाले, आम्हाला संकोच झाला. गावानं मान डोलावली, माणसं मर्यादेची! मानाजी म्हणाला, घडल्या प्रकारानं मी अगदी वरमलो. गाव म्हणालं, भला माणूस. असे सगळे मऊमऊ शब्द वाटून झाले. मग उरला एकच, पातेल्याच्या बुडाला खरवड उरते तसा – निलाजरी. तो हौसाला.

पारावर तिला बोलावून सांगितलं, गावात यायचं नाही, लेकीसुना बिघडतात. तिनं एवढंच विचारलं, की मानाजीदादानं सांगावं, मी काय वाईट केलं. सगळ्यांनी मानाजीकडं बघितलं. मानाजीनं पायातल्या वहाणेकडं बघितलं. नंतर घरी म्हणाला म्हणे, चारचौघांची भीड पडली हो.

बघा! जीव वाचला तो लुगड्यानं, आणि भीड पडली चारचौघांची!

आठ दिवस हौसाची चूल थंड. नवव्या दिवशी ती मानाजीच्या घरी गेली. मनात म्हणाली असेल, हे एक दार तरी उघडेल. या घरानं हात पुढं केला, की सगळं गाव करील.

उंबऱ्याबाहेर बसली. मानाजीची बायको सगुणा आतून आली. डोळे भरलेले. खाली बसली आणि हात पुढं केला. हौसानं तो हातात घेतला, बोटं एकत्र दाबली, हिरवी बांगडी उचलली –

आतून सासू खाकरली.

एवढंच. शिवी नाही, शब्द नाही. सगुणानं हात आखडला, पदराखाली घेतला.

हौसा रागावली नाही. बांगडी परत पाटीत ठेवली. उठताना म्हणाली, “सूनबाई, आखडलास तो हात अजून भरलेला हाय. तेवढं बघ.”

गेली. पुन्हा त्या गावात कुणी तिला बघितलं नाही. गावाला नवा कासार मिळाला. बांगड्या काय, कुणीही भरतं.

आता तुमच्याकडं येतो. मघाशी मी सांगितलं, मानाजी बुडतोय, बोट सुटलं. तुम्ही सगळे माझ्याकडं बघत होता. मग सांगितलं, हौसानं लुगडं फेडलं. मी इथून बघितलं, मंडळी – या मंडपातली एकेक मान खाली गेली. माणूस बुडताना नाही गेली. बाईनं त्याला वाचवताना गेली!

कुणाला निलाजरी म्हणायचं असेल तर घरी जाऊन सावकाश म्हणा. आत्ता देवाचं नाव घ्यायचंय. घेता येईल त्यानं मान वर करून घ्यावं.