टपाल आलं का?

बायको साथीत गेली, त्यानंतर आमच्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं. 'वहिनींना ताप सोमवारी आला म्हणालात, म्हणून मी गुरुवारपर्यंत वाट पाहिली. आधीच इस्पितळात पाठवायला हवं होतं का?' उत्तर मी चार वेळा लिहायला घेतलं. चारही वेळा मायन्यापुढे गेलो नाही.

परवा रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला दवाखान्यात गेलो. आत डॉक्टर आणि कंपाउंडर बोलत होते. मास्कमुळे दोघांचेही आवाज चढलेले.

"डॉक्टर, डबा तसाच आहे."

"खातो नंतर. टपाल आलं का?"

"औषधांच्या जाहिराती आल्यात."

"आणखी?"

"काही नाही. रोज काय विचारता?"

"असंच."

"काल त्या बाईंना साधी सर्दी होती. त्यांनाही इस्पितळात धाडलंत."

"हल्ली सगळ्यांनाच धाडतो. माझा मलाच भरवसा वाटत नाही."

"जेवून घ्या. मी बसतो समोर."

"लांबच बसा. तुम्ही आजारी पडलात तर माझं अक्षर कोण वाचणार?"

"घरी तरी कुणी बसतं का समोर?"

"मुलगी दाराबाहेर ताट ठेवते. मीच सांगितलंय तसं."

"बाहेर पेशंट आहेत. पाठवू?"

"दोन मिनिटं थांबा."

मी तसाच घरी परतलो आणि पाचव्यांदा कागद घेतला.

'डॉक्टर, तिला ताप शनिवारपासून होता. इस्पितळात नेतील म्हणून ती घाबरली होती. तुम्हाला सोमवार मी सांगितला. तुमचं काही चुकलं नाही.'

संध्याकाळच्या आत पाकीट पेटीत टाकलं.