नाथानच्या दारावरून

मंडळी, एक विचारतो, हात वर करून सांगा. दुखलं म्हणजे झाला का त्याग? गुडघे सोलले, उपास काढले, अनवाणी चाललो — की देव खूश? करा की हात वर! ... आता कसे सगळे गप्प!

बरं, ऐका. आमच्या खडकवाडीचे अमोसमामा. सुतार माणूस. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, देवळापासून टेकडीपर्यंत क्रूस न्यायचा मान त्यांचा. आमच्याकडचा नेम कडक! नेणारा अनवाणी, पोटात पाणी नाही, आणि टेकडी येईपर्यंत क्रूसाला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. मामांनी अकरा वर्षं नेला. पहिला आंब्याचा होता. मग सागाचा केला. मग बाभळीचा. जड, अजून जड! बायका डोळे पुसायच्या — "काय सोसतोय बाई हा माणूस!"

का सोसतोय, ते कुणी विचारायचं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं! बारा वर्षांपूर्वी शेताच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, आणि मामांनी सख्ख्या धाकट्या भावाच्या, नाथानच्या, पायावर फावड्याचा दांडा घातला. पाय वाकडाच जुळून आला. तेव्हापासून बोलणं बंद.

आता गंमत बघा. टेकडीचा सरळ रस्ता जातो नाथानच्या दारावरून. मिरवणूक मात्र दरवर्षी स्टँडला वळसा घालून! देवळाचे पाळकसाहेब विचारायचे, "अमोस, लांबून कशाला रे?"

"तेवढंच जास्त सोसणं होतं, साहेब!"

वा! काय भक्ती!

यंदा स्टँडच्या रस्त्यावर गटारासाठी चर खणलेला. झाली पंचाईत! मिरवणूक वळली नाथानच्या गल्लीत. भर दुपार, पायाखाली तापलेली खडी. मामांना ठेच लागली — आणि मामा आपटले कुठं? नेमके नाथानच्या ओट्यासमोर! माणूस खाली, क्रूस वर.

कुणी पुढं होईना. नेम ना! एवढी माणसं, गाणं म्हणत उभी! मला तर असा राग आला — जाऊ द्या.

दार उघडलं. नाथान लंगडत आला, वाकला, क्रूसाचं टोक धरलं.

"सोड!" मामा ओरडले. "हा माझा क्रूस आहे! हात लावू नको!"

"तुझा?" नाथान म्हणाला. "पाय माझा मोडला, दादा! अन् माफी तू देवाकडं मागत बसलास! मी काय मेलो होतो? दर उत्तम शुक्रवारी या ओट्यावर बसतो मी, येशील म्हणून. तू जातोस स्टँडवरनं!"

मंडळी, मामांचं तोंड मी जवळून पाहिलं. खांद्याला घट्टे होते, तिथं काही दुखत नव्हतं. जिभेला कुठला घट्टा? बाभळीचा क्रूस पेलणारा माणूस, पण एका शब्दाला घाम फुटला! शेवटी धुळीत बसल्या बसल्या भावाचा वाकडा पाय दोन्ही हातांनी धरला.

"नाथ्या... चुकलो रे. माफ कर मला."

नाथाननं बाहीनं नाक पुसलं. म्हणाला, "ऊठ आधी. एवढं जड करतं का कुणी, येड्या?"

हसा, हसा! पाळकसाहेब पण हसले, उत्तम शुक्रवारी!

मग दोघांनी उचलला. एक पुढं, एक मागं — दोघंही लंगडत. नेम मोडला? मोडला! अहो, प्रभूचा क्रूससुद्धा वाटेत एका येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाहिला. प्रभूनं कुठं म्हटलं, हात लावू नको? आमचे मामा प्रभूच्याही पुढं निघाले होते!

प्रभूनं सोसलं ते दुखावं म्हणून नाही. आपल्यापर्यंत यायचा रस्ताच तसला होता, आणि त्यानं वळसा घातला नाही. एवढंच! कुणाच्या दारापर्यंत जातच नाही ते सोसणं कसलं? ते नुसतं लाकूड!

आता तुमचं सांगा. तात्या, मागं काय बघता, तुम्हालाच विचारतोय! आज इथं येताना कुठल्या गल्लीनं आलात? कुणाचं दार चुकवून?

पेटीवाले, थांबा. शेवटचं गाणं आत्ता नको. ज्यानं वळसा घातलाय, त्यानं आधी त्या दारी जाऊन यावं.

जा. आम्ही बसलोय.