हॉटेलची शेगडी

निपाणीच्या स्टँडवर चिकोडीच्या गाडीची वाट बघत दोघी जावा माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"आक्का, हॉटेलात असतीय तसली तीन बर्नरची शेगडी घेताय? अण्णांना घरातच हॉटेल काढून देताय व्हय?"

"तसंच समज."

"माणसं तुम्ही दोघंच. एवढ्या जाळावर भाकरी करपंल की."

"तुझ्या घरात किती गं?"

"पाच."

"मग सात जणांचं रांधायला तसलीच लागती."

"आक्का, आपल्या चुली वेगळ्या झाल्यात."

"ते दोघा भावांनी ठरवलं. मला कुणी इचारलं न्हाय. तुला इचारलं?"

"न्हाय."

"मग बोल की, घेऊ का नको?"

"चार बर्नरची घ्या. तीनची घेतली तर पहिल्याच दिवशी आपलं भांडण लागंल."