पेनाचं टोपण

(सभागृहाला लागून असलेली छोटी खोली. दार अर्धवट उघडं. पलीकडे एक बाई माइकवर बोलते आहे.)

साहेब: वहिनी, तिला खाली बसायला सांगा. दवाखाना बंद करावा की नको, एवढंच विचारलंय. ती तिसऱ्या बाळंतपणावर आलीय!

वहिनी: मग अजून दोन राहिली, भावोजी. पाचही आमच्याच दवाखान्यात झालीत. दोन तर माझ्याच हातावर.

साहेब: तुम्ही तिथल्या नर्स, तुमचं ऐकतील. निम्मं गाव बसलंय बाहेर. सगळ्यांना नावं नोंदवायला तुम्हीच लावलंत ना?

वहिनी: दारोदार फिरले. चपला झिजल्या माझ्या.

साहेब: मी आत्ता जाहीर करू शकतो, सुनावणी संपली म्हणून.

वहिनी: करा की. नाव दिलेल्या प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय सुनावणी पुरी होत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत. माझ्या घरी, माझ्या हातचं जेवताना. तुमचे दादा किती कौतुकानं ऐकत होते! धाकट्याला सगळे कायदे तोंडपाठ म्हणून.

साहेब: अहो, आज निवडणूक जाहीर होतेय. आचारसंहिता लागली की सगळं ठप्प. अर्धवट सुनावणी बाद. नवं सरकार येणार, मग पुन्हा पहिल्यापासून.

वहिनी: म्हणून तर बायकांना सांगितलंय, घाई करू नका, पाणी पीत पीत बोला.

साहेब: माझी बढती अडकलीय यात! आज अहवाल गेला नाही, तर ती खुर्ची दुसऱ्याला जाईल.

वहिनी: ठाऊक आहे. जाऊबाई सांगत होत्या, नव्या बंगल्याचे पडदेसुद्धा शिवायला टाकलेत.

साहेब: म्हणजे मुद्दाम चाललंय हे.

वहिनी: मुद्दाम. सूड म्हणा, भावोजी, लाजू नका. मीही लाजत नाहीये.

साहेब: मागच्या निवडणुकीचं अजून मनात धरून बसलात?

वहिनी: ॲम्ब्युलन्सची फाईल मी स्वतः घेऊन आले होते. सगळ्यांच्या सह्या झालेली. तुमची तेवढी राहिली होती. तुम्ही पेन उघडलंत, इतक्यात शिपायानं येऊन सांगितलं, निवडणूक लागली. आणि तुम्ही पेनाला टोपण लावलंत.

साहेब: नियम होता तो!

वहिनी: पाया पडले मी तुमच्या, थोरली असून. ‘आता निकालानंतर बघू, वहिनी,’ म्हणालात. निकालाच्या आधीच तुमच्या दादांच्या छातीत कळ आली. भाजीच्या हातगाडीवर घालून नेलं त्यांना, भावोजी. चढावर मी मागून ढकलत होते. दवाखान्याचं फाटक दिसत होतं, तिथे गेले ते.

साहेब: माझा सख्खा भाऊ होता तो. मी खांदा दिलाय त्याला.

वहिनी: खांदा दिलात. सही नाही दिलीत.

साहेब: आणि सही केली असती, तरी गाडी वेळेवर आली असती कशावरून?

वहिनी: नसती आली कदाचित. झोप लागत नाही तेव्हा हेच घोळत असतं डोक्यात. पण तुम्ही सही करून ती आली नसती, तर मी नशिबाला बोल लावला असता. तुम्हाला नाही.

शिपाई: साहेब, येऊ का आत? झाली जाहीर. टीव्हीवर दाखवतायत. वरून फोनपण आला, आहे तिथे थांबवा म्हणाले. त्या बाईंना काय सांगू? त्यांचं चौथं निघालंय.

साहेब: जरा थांब. अहवाल तयार आहे. मी सकाळची वेळ टाकून सही करतो. वहिनी, तुम्ही काही बघितलं नाही. हात जोडतो तुमच्यापुढे.

वहिनी: नियम आहे, भावोजी.

साहेब: वहिनी!

शिपाई: साहेब, काय सांगू बाहेर?

वहिनी: सांग, घरी जा म्हणावं. दवाखाना उद्या नेहमीच्या वेळेला उघडेल. आणि भावोजी, टोपण लावा पेनाला. शाई वाळेल.