नाना, या गाडीत बसू नका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, रावेरचे केळीचे व्यापारी आदरणीय प्रेमराजभाऊ; ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती सुकदेव नाना; शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी बेबाबाई अक्का; व्यासपीठावरील मान्यवर आणि देवपूरच्या या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना दिपमालाचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी थोडक्यात आटपायला सांगितलं आहे. प्रयत्न करते. माझा आवाज कापतोय हे तुम्हाला ऐकू येत असेलच, पण ती माईकची भीती नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

नानांची ओळख मी काय करून देणार? धुळे-जळगावात जुनी गाडी घ्यायची तर आधी नानांना दाखवायची, हा रिवाजच पडला आहे. विमा असो, भावाभावांची वाटणी असो, नाहीतर नुसती हौस असो. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि उद्यापासून त्यांचं गाड्या तपासण्याचं ऑफिस मीच सांभाळणार आहे. पहिल्याच दिवशी मी एका गाडीची किंमत फाडफाड सांगून मोकळी झाले होते. नाना म्हणाले, "आधी खाले दख, मंग भाव सांग." कडक इस्त्रीच्या कपड्यांत मी गाडीखाली शिरले. घरी गेल्यावर आईने जे ऐकवलं, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

अलीकडे आपल्याकडेही जुन्या जपानी गाड्यांचं वेड आलं आहे. प्रेमराजभाऊंनी मुंबईच्या एका दलालाकरवी एकाहत्तर सालची दोन दारांची गाडी मागवली. ती बाहेर उभी आहे, आपण येताना पाहिलीच असेल. अशा गाडीचं मोल कशावर ठरतं? रंगावर? चकाकीवर? नाही हो. ती कारखान्यातून निघाली तशीच आहे का, यावर ठरतं. सगळ्या काचांवरच्या खुणा एकाच सालच्या हव्यात. खालच्या पत्र्यावर वेल्डिंगचे ठिपके सरळ ओळीत हवेत. कारण काही लोक एका ठोकलेल्या गाडीचा पुढचा भाग घेतात, दुसरीचा मागचा घेतात, मधोमध जोडतात आणि वरून रंग मारतात. दिसायला देखणी, पण जोराचा धक्का बसला की मधूनच उघडते. आणि मध्ये तर माणसं बसलेली असतात.

हे सगळं आजच का, असं अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसतंय. भाऊ, मघाशी आपण किती आपुलकीने जाहीर केलंत, की कार्यक्रम संपला की आपण स्वतः त्याच गाडीतून नाना-अक्कांना हायवेने नशिराबादला, त्यांच्या गावी सोडणार. केवढ्या टाळ्या पडल्या. माझे हात उचललेच गेले नाहीत.

दुपारी मंडपवाले त्या गाडीला झेंडूच्या माळा बांधत होते. एका माळेची दोरी खाली लोंबत होती, ती सायलेन्सरला लागून जळेल म्हणून मी वाकले. पुढच्या सीटच्या मागे, गाडीच्या पोटाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत काळ्या डांबराची ताजी पट्टी दिसली. मी केसातली पिन काढून खरवडलं. पुट्टीचा खपला पडला आणि पिन आत गेली. धड पत्र्यात पिन जात नसते. उठून काचा पाहिल्या, तर पुढची एका सालची आणि मागची दुसऱ्याच सालची.

नानांच्या कानात सांगावं म्हणून धावले, तर त्यांना फेटा बांधत होते आणि भोवती फोटोवाले. भाऊंना गाठलं, तर ते हसून म्हणाले, "नानानं पाह्यलेली गाडी आहे, आता तू कायले पाह्यते?"

आणि खरंच आहे ते. ही गाडी नानांनीच अस्सल ठरवली. मी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होते. माझीच चूक असावी म्हणून मघापासून कानबाईला हात जोडतेय. चुकले, तर उद्यापासून मला कोण विचारणार? आणि चुकले नसेन, तर नानांच्या नावाचं काय, तेही आजच्या दिवशी? इथे बसून मी गप्प राहायचं जवळजवळ ठरवलं होतं. पण पारोळ्याच्या पुढे ट्रकांची रांग असते, आणि अक्का मागे बसणार. ती पट्टी बरोबर त्यांच्या पायाखाली येते.

नाना, पाया पडते, या गाडीत बसू नका. अक्का, तुम्हीही नका. प्रेमराजभाऊ, तुम्हीही ती चालवू नका. तुम्ही कुणाला फसवलेलं नाही, तुम्हालाच फसवलंय, हे मी सगळ्यांसमोर सांगते.

नाना काहीतरी म्हणताहेत. माईक राहू द्या, मला ऐकू आलं, मागे बसलेल्यांसाठी सांगते. नाना म्हणाले, "दिपा, मना गुडघानं ऑपरेशन व्हयेल व्हतं. मी खाले वाकनू नही. भाऊनं मन कसं मोडू म्हनीसन हा म्हनी दिधं."

नाना, डोळे पुसा. आणि खांद्यावरची शाल काढू नका, ती काही जमिनीवर अंथरायला दिलेली नाही. गाडीखाली मी जाते. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बॅटरी धरा आणि मला काय दिसतं ते विचारत राहा. चुकले असेन तर तिथेच, सगळ्यांदेखत कान धरा.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी मनापासून आभारी आहे. निरोपाच्या दिवशी हे बोलायला नको होतं, कळतं मला. शब्द कमी-जास्त झाले असतील, मान राखण्यात चूक झाली असेल, तर घरची लेक समजून पोटात घाला. प्रेमराजभाऊ, तुम्ही मला क्षमा उद्या केलीत तरी चालेल. आत्ता फक्त गाडीची किल्ली माझ्या हातात द्या.