पहिल्या टोपलीला लागलेला हात

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. शेजारणीच्या घरी पुरणपोळी झाली, तर आपल्या घरची भाकरी करपते का हो? नाही ना? मग वास आल्याबरोबर आपलं पोट का जळतं? हसू नका! शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजताना आपलं दूध उतू गेलेलं मी पाहिलंय. कुणाचं ते सांगत नाही. त्या मावशी पुढेच बसल्यात!

तर भंडाऱ्याकडं एक गाव. नाव सांगत नाही, तुमच्यातल्या कुणाची सासुरवाडी निघायची! गावाला मोठं तळं. तळ्यात शिंगाडा. पाण्यात बांबू रोवायचे, दोर ताणायचा, दोराअलीकडं माझा वेल, पलीकडं तुझा. कौतिका आणि भागरथा घराला शेजारी आणि पाण्यातही शेजारी!

आता त्या गावचा रिवाज ऐका. घट बसतात त्या सकाळी शिंगाड्याची पहिली टोपली तळ्याकाठच्या देवीला जायची. ज्या बाईचा वेल आधी भरला, तिची टोपली. पण भरली टोपली स्वतःची स्वतःला डोक्यावर घेता येते का? नाही! दुसऱ्याचा हात लागतो. आणि तो हात कुणाचा? दोरापलीकडच्या शेजारणीचाच! सासूचा नाही, जावेचा नाही. तो हात लागल्याशिवाय टोपली हलायची नाही, आणि टोपली गेल्याशिवाय तळ्यात कुणी शिंगाडा तोडायचा नाही.

दरवर्षी टोपली भागरथाची. आणि दरवर्षी हात लावणारी कौतिका! डफडं वाजायचं, बाया भागरथाला कुंकू लावायच्या, आणि कौतिका मागं उभी. रिकाम्या हातानं! काय जळायची हो ती! रात्री नवऱ्याला म्हणायची, "तिच्या वेलाले सोनं घालते का तळं? पाणी तेच, गाळ तोच!" डोमाजी बिचारा म्हणायचा, "अवो, आपलाही शिंगाडा गोडच हाय ना." झालं! त्या दिवशी डोमाजीला भाजीत मीठ नाही. मत्सर असाच असतो मंडळी, आपल्या ताटातलं गोड त्याला लागतच नाही.

यंदा कौतिकाच्या चार पानांवर किडा दिसला. तपकिरी, बारीक, पानाची चाळणी करणारा. रिवाज काय? किडकी पानं काठावर आणून जाळायची. कौतिकानं खुडली. डोंग्यात ठेवली. डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली होडी. काठाकडं निघाली, आणि नजर गेली भागरथाच्या वेलाकडं. हिरवागार! टरारलेला! भागरथा बाजाराला गेलेली. तळ्यावर चिटपाखरू नाही.

काय केलं असेल? बोला! अहो गप्प का? तुम्हाला बरोबर कळलंय! दोरापलीकडं दिली टाकून!

आठ-दहा दिवसांत भागरथाच्या वेलाला भोकं. भागरथा पहाटेपासून डोंग्यात बसून किडा वेचायची. पण वेचायची कुठं? दोरापाशीच! मधला वेल किड्यानं फस्त केला, आणि ही बाई कडेलाच बसलेली. कौतिका काठावरून बघायची. "अक्कल नाही मेलीले! जिथं खाते तिथं वेचायचं सोडून कोपरा धरून बसली!" मनात उकळ्या फुटत होत्या. आणि खरंच, यंदा आधी भरला कौतिकाचा वेल!

घटाची सकाळ उजाडली. कौतिका हिरवं लुगडं नेसली. टोपली शिगोशीग भरली. डफडं आलं, बाया आल्या. कौतिका कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवून टोपलीपाशी उभी. आता? आता हात कुणाचा?

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, हात भागरथाचाच लागणार! हाक मारायची कोणत्या तोंडानं? ऊन वर आलं. बाया कुजबुजल्या. एवढी हौसेची टोपली, आणि ती जागची हलेना!

तेवढ्यात आली भागरथा. बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, काट्यांनी फाटलेली. "काऊन वो, थांबली? चाल, हात लावते."

कौतिकाची नजर त्या बोटांवर गेली. हळूच म्हणाली, "भागरथा, मधला वेल गेला ना तुहा. तू दोरापाशीच काऊन बसली?"

"पलीकडं तुहा वेल होता ना वो. एकदा दोर ओलांडला असता किड्यानं, तर तुहाही गेला असता."

मंडळी, कौतिकाची मान खाली गेली. चुंबळ गळून पडली. "भागरथा, किडा म्या टाकला वो! म्या!"

"माहीत हाय मले. माह्या वेलात सापडली ती पानं खुडलेली होती. वारा काही पानं खुडत नाही."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तर भांडलो असतो. मंग आज तुह्या टोपलीले हात कोनं लावला असता?"

असं म्हणून भागरथानं चुंबळ उचलली, झटकली, तिच्या डोक्यावर ठेवली. आणि टोपलीला हात लावला. देवीपाशी पुजाऱ्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "कोनाची टोपली?" कौतिका रडत म्हणाली, "भागरथानं राखलेली." आणि दुसऱ्या दिवसापासून कौतिकाचा डोंगा दोरापलीकडं. भागरथाच्या उरलेल्या वेलावरचा किडा ती वेचत होती.

आता मला सांगा, तुमच्या डोक्यावर जी टोपली आहे, घराची, पोराच्या नोकरीची, मुलीच्या लग्नाची, ती काय तुम्ही एकट्यानं उचललीत? कुणाचा हात लागला होता? आणि त्या हाताच्या अंगणात तुम्ही काय टाकून आलात? माझ्याकडं बघू नका, मी काय सांगणार! शेजारी बसलंय ना, तिकडं बघा. आणि मग भजनाला उभे राहा. ज्याला उठवत नाही, त्याला हात द्या.